कोणाचा हात?

टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत सुट्टीवर्ग भरायचा. खाली दिवसभर ठोकाठोक आणि रबराचा वास, वर पोरांचा कल्ला. शाळांना मोठी सुट्टी लागते, पण आईबापांना कुठली सुट्टी? त्यांची ही मुलं. तीन ते पाच वर्षांची, म्हणजे मांडीवरून उतरलेली आणि अजून कुठेच न पोचलेली. वर्ग बाईंचा होता. फी घेणं, आयांशी गोड बोलणं, भिंतीवर चित्रं चिकटवणं ही बाईंची कामं. उरलेलं सगळं मावशीचं, आणि उरलेलं म्हणजे काय ते लहान पोरं सांभाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मुलं तिला हातमावशी म्हणायची. दारात चपला निघाल्या की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हात बघू." वाढलेली नखं, खरचटलेली कोपरं, मुठीत लपवून आणलेली गोगलगाय, सगळं तिथेच पकडलं जायचं. मग ती पोराचे दोन्ही पंजे आपल्या हातांत घेऊन खसाखसा चोळायची आणि आत सोडायची. रडत आलेलं पोरही तेवढ्यापुरतं रडायचं विसरायचं.

लोण्याचा गोळा मात्र ती नव्हती हं. आवाज असा खणखणीत की खालचा टायरवाला हातोडा थांबवून वर बघायचा. "अरे, वाळू खातोस कशाला? घरी जेवायला घालत नाहीत का तुला?" असं ती चार वर्षांच्या माणसाला बरोबरीने विचारायची, आणि ते माणूसही तोंडातली वाळू थुंकत गंभीरपणे सांगायचं, "घालतात." मुलांची खरी नावं तिला पाठ नसायची. भोपळा, टुकटुक, शेंडी, मुंगी अशी तिची तिनेच ठेवलेली नावं असायची आणि आठवडाभरात आईबापही घरी तीच वापरायला लागायचे.

सुट्टीत लोक समुद्रावर जातात, डोंगरावर जातात. ही पोरं कुठे जाणार? टायरच्या दुकानावर! म्हणून मावशीने बसल्या जागेची सहल काढली होती. खोलीच्या मधोमध मोठा टब आणि रोज त्यात एक वेगळी जागा. समुद्राच्या दिवशी चाळलेली वाळू, मिठाचं पाणी आणि शिंपले. जंगलाच्या दिवशी वाळकी पानं, झाडाची सालं, ओली माती. शेताच्या दिवशी गहू, त्यात पुरलेली रताळी आणि कांदे. डोळे मिटायचे, आधी वास घ्यायचा, मग एक बोट, मग पंजा, मग कोपरापर्यंत हात. कोणी घाई केली की ओरडा. "समुद्रात कोणी असं धाडकन उतरतं का? बुडशील की!"

प्रत्येक टबात आधी तिचा स्वतःचा हात जायचा. जिथे माझा हात जाणार नाही तिथे पोराचा जाणार नाही, असा तिचा कायदा होता. बाईंनी एकदा हौसेने चकचकीत मणी आणले होते. मावशीने ते उचलले आणि परत बाईंच्या पिशवीत टाकले. "हे नाकात जातात. तुम्ही काढणार का?" बाईंनी पिशवी उचलून घेतली. मावशीशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्यांना पहिल्याच सुट्टीत कळलं होतं.

दिवस संपता संपता एक खेळ व्हायचा. त्याचं नाव 'कोणाचा हात?' मावशीच्या डोळ्यांवर जुनी ओढणी बांधायची आणि एकेकाने गुपचूप येऊन तिच्या उजव्या हातात आपला हात द्यायचा. ती दाबायची, बोटं मोजल्यासारखं करायची, उगीच वास घ्यायची आणि नाव सांगायची. कधी चुकायची नाही. भोपळ्याचा हात उशीसारखा, शेंडीची नखं कुरतडलेली, टुकटुकचा हात हातात आला की लगेच हसून हसून हलायला लागायचा. मुलांनी तिला फसवायला काय काय केलं! हातमोजे घातले, दोघांनी मिळून एक एक बोट दिलं, एकदा तर बाईंचाच हात पुढे केला. "या वर्गात एवढी मऊ कोण, भांडी न घासलेली?" मावशी म्हणाली आणि बाईसुद्धा हसल्या.

त्या वर्षी बर्फाच्या दिवशी मात्र चूक झाली.

बर्फाच्या दिवशी कारखान्यातून पोत्यात गुंडाळून लादी यायची. ती फोडून, कापूस पसरून डोंगर व्हायचा. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि पोरं कोपरापर्यंत बर्फात. त्या दिवसापुरता मावशीचा एक जादा नियम होता. बर्फातून निघाले की हात पुसायचे, कोमट पाण्यात बुडवायचे, पुन्हा पुसायचे आणि मगच खेळ. पण त्या दिवशी नेमका कोणीतरी कोमट पाण्याचा तांब्या लवंडवला. एकीकडे ती फरशी पुसत होती, दुसरीकडे पोरांनी ओढणी आणून तिच्या डोळ्यांवर बांधलीसुद्धा. असो, म्हणाली ती. एका दिवसाने काय बिघडतंय?

"भोपळा. टुकटुक. शेंडी, नखं खाऊ नकोस."

मग एक हात आला. लहान, ओला, गार. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. हात काहीच करत नव्हता, नुसता तिच्या तळव्यात पडून होता.

"भिंगरी," मावशी म्हणाली.

तिने म्हटलं नाही, तोंडातून निघालं. आणि खोलीत एकच गिल्ला झाला. "मावशी चुकली! मावशी चुकली! भिंगरी कोण?" तिने ओढणी ओढून काढली. समोर सगळी पोरं एकमेकांवर पडत होती.

"आत्ता कोणाचा हात होता?"

"माझा!" भोपळा म्हणाला.

"माझा! माझा!" सगळेच म्हणाले.

आता या वयाची पोरं, त्यांना विचारलं की चंद्र कोणी खाल्ला तरी 'मी' म्हणतील. मावशीने पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, तशी टुकटुकला रडू फुटलं. मग तिने विचारणं सोडलं.

भिंगरी तिची मुलगी होती. एकुलती एक. सारखी गरगर फिरायची म्हणून भिंगरी. चार वर्षांची असताना तापाने गेली. दवाखान्यात मावशी तिच्या उशाशी बसून गार पाण्याच्या पट्ट्या बदलत होती आणि एका हाताने तिचा हात धरून होती. सगळं संपलं हे डॉक्टरांनी सांगितलं तरी तिने हात सोडला नाही. शेवटी दोघातिघांनी मिळून तिची बोटं उघडली. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. गाडी घेऊन गेला होता तो सगळं आटोपल्यावर परत आला. दारात उभा राहिला तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "तुम्ही होतात कुठे?" गाडीवर होतो, याला काय उत्तर म्हणायचं? तेव्हापासून अकरा वर्षं त्या घरात मीठ संपलं, दूध आणा, दिव्याचं बिल भरा, एवढंच बोलणं होतं. भांडण कधी झालं नाही. भांडायलाही काहीतरी शिल्लक असावं लागतं.

आणि मनातल्या मनात मावशीने एक हिशोब पक्का धरला होता. भिंगरीचा शेवटचा हात मी धरला. तो माझा आहे. याचा त्यात वाटा नाही.

त्या बर्फाच्या दिवसानंतर तिचा उजवा तळवा गार राहायला लागला. भर उन्हात, चुलीसमोर, गरम भांडं धरलं तरी गार. नवरा एकदा म्हणाला, "हात का शेकतेस सारखी?" "काही नाही," ती म्हणाली. जिन्यावर चढताना कठड्याला हात लावावा तर तिथे आधीच कोणाचा तरी हात आहे असं वाटायचं. नळाखाली भांडं धरलं की ओलं बोट तळव्यावरून गेल्याचा भास व्हायचा. घाबरायला हवं होतं, पण घाबरली नाही. उलट ज्या दिवशी भास झाला नाही त्या दिवशी तिचा जीव कासावीस व्हायचा.

वर्गातही भिंगरी येऊन बसली. मुलांना काय, एक नाव मिळालं की पुरे. टबाभोवती बसताना शेंडी सरकून जागा करायची, "भिंगरीला बसू दे." गव्हाचं मापटं भरून कोणी रिकाम्या जागेत ओतायचं. "तिला पण रताळं शोधायचंय." एकदा टुकटुक कुजबुजली, "मावशी, ती माझ्या शेजारी बसते पण बोलत नाही." ओरडायचं सोडून मावशी टुकटुकच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

भोपळ्याच्या आईने बाईंकडे तक्रार केली. "घरी म्हणतो, वर्गात एक न दिसणारी मुलगी आहे. काय शिकवता काय तुम्ही?" बाईंनी मावशीला गाठलं. "मावशी, ही भिंगरी काय भानगड आहे?"

"मुलं आहेत," मावशी म्हणाली. "बोलतात." बाईंना तिच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. मावशी कोणाला सांगणारी नव्हतीच.

खेळ रोज चालू होता. समुद्राच्या दिवशी, जंगलाच्या दिवशी, ओढणी बांधून ती हात पुढे करून बसायची. पूर्वी तिला खेळ संपवायची घाई असायची. आता पोरं कंटाळली तरी ती म्हणायची, "अजून कोण राहिलं? या, पुन्हा या." सगळे हात ओळखीचे. तो हात येईना. शेवटी तिने बाईंच्या मागे लागून बर्फाचा दिवस पुन्हा घ्यायला लावला, आणि या वेळी कोमट पाणी ठेवलंच नाही. विसरून नव्हे.

तो हात आला. लहान, ओला, गार. तिच्या तळव्यात नुसता पडून राहिलेला. या वेळी तिने तोंड उघडलं नाही. हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने ओढणी वर सरकवली.

मुंगी होती. त्या वर्षीच आलेली, चार वर्षांची, सगळ्यांत लहान चणीची. दवाखान्यातल्या एका नर्सची पोर. तिच्यात काही खास नव्हतं. गप्प राहायची, सांगितलेलं ऐकायची, आणि बर्फातून हात काढायला सगळ्यांत शेवटी तयार व्हायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दारात मावशीने मुंगीचे हात कितीतरी वेळ धरून ठेवले. कोरडे, जरासे खरखरीत, दुसऱ्या कोणाचे तरी हात. डोळे मिटून बघितलं. काही नाही. म्हणजे भिंगरी यायची ती गारव्यातून यायची. हा वेडेपणा आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण तहान लागलेल्याला पाणी कुठलं आहे हे कोण विचारत बसतं?

ती कारखान्यातून थर्मासमध्ये बर्फ आणायला लागली. टब धुवायची जी मागची मोरी होती तिथे एका कुंड्यात तो ओतायचा, बाकीची पोरं डबे खात बसली की मुंगीला हळूच हाक मारायची. "ये गं. आपली दोघींची सहल." मुंगीला तर आभाळ ठेंगणं झालं. हातमावशीने बाराजणांतून तिला एकटीला निवडलं होतं! ती पाटावर मांडी घालून बसायची, उजवा हात बर्फात बुडवायची आणि शहाण्यासारखी वाट बघायची. मग मावशी तो हात आपल्या हातात घ्यायची आणि डोळे मिटायची.

ते एवढंसं सुख होतं, पण काय सांगावं! भिंतीपलीकडे कल्ला, खाली हातोडा, नळाची टपटप, आणि तळव्यात भिंगरीचा हात. तिला मनातल्या मनात सांगण्यासारखं खूप होतं. तुझा लाल फ्रॉक मी दिला नाही कोणाला. तुझी ती एक चप्पल सापडलीच नाही बघ. हात गरम व्हायला लागला की ती मुंगीला म्हणायची, "अजून एकदा," आणि मुंगी निमूटपणे हात परत बर्फात घालायची. स्वतःचा हात मात्र आता मावशी आधी घालून बघत नव्हती. तो कोरडा ठेवायचा होता, त्याला ओळखायचं होतं.

रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला. पहिल्या दिवशी पटकन आलेली भिंगरी आता उशिरा यायची, यायची आणि लगेच जायची. एके दिवशी मावशीने तीन वेळा हात परत घालायला लावला. चौथ्यांदा धरला तेव्हा तो पार गारठलेला होता. हाच. अगदी हाच. ती डोळे मिटून पुढेमागे झुलायला लागली.

"मावशी," मुंगी म्हणाली, "भिंगरी तुझी कोण?"

"माझी मुलगी."

"तिचा हात कायम गार असायचा?"

"नाही गं," मावशी म्हणाली. असल्या प्रश्नाला आई जशी पटकन उत्तर देते तसं दिलं.

"मग कसा असायचा?"

मावशी सांगायला गेली. चार वर्षं तिने तो हात धरला होता. अंगाला तेल लावताना, घास भरवताना, रस्ता ओलांडताना. हे सगळं तिला माहीत होतं, कोणी विचारलं असतं तर तिने दिवसवार सांगितलं असतं. पण माहीत असणं वेगळं. तिने तळव्याला विचारलं, कसा होता? घास घेताना कसा होता? झोपेत कसा होता? तळव्याने प्रत्येक वेळी एकच हात पुढे केला. लहान, ओला, गार, नुसता पडलेला. भिंगरी परत आलीच नव्हती. जे येत होतं ते दवाखान्यातलं होतं. जिवंत पोरीचा हात ती कधीच हरवून बसली होती आणि मेलेला तेवढा उराशी धरून होती, आणि इतके दिवस तिला पत्ता नव्हता.

"मावशी," मुंगीचा आवाज बारीक झाला होता, "मला माझा हातच सापडत नाहीये."

मावशीने डोळे उघडले. हातातला हात पांढराफटक पडला होता. बोटांची टोकं निळसर. मुंगीचे ओठ थरथरत होते आणि तरी ती हलली नव्हती, कारण मावशीने निवडलं होतं ना तिला.

"अगं माझे बाई!" मावशीने लाथेने कुंडं उडवलं. बर्फ मोरीभर पसरला. तिने तो हात आधी आपल्या गालाला लावला, मग झंपरच्या आत काखेत दाबून धरला आणि पोरीला पोटाशी घट्ट घेऊन जमिनीवर बसली. "येतो हं, येतो. सापडतो आत्ता. कुठे जातोय तो? इथेच आहे."

थोड्या वेळाने रक्त परत फिरायला लागलं आणि मग दुखायला लागलं. मुंगी किंचाळली. "चावतंय! मावशी, हाताला मुंग्या आल्या!" आणि आपलंच नाव ऐकून ती रडता रडता अडखळली, तिला हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. मावशी हसली नाही. काखेतला हात गरम होत चालला होता. वळवळायला लागला, चिमटे काढायला लागला, आणि तो मुंगीचाच हात होता, दुसऱ्या कोणाचाही नव्हता. गारवा एकेका बोटातून निघून चालला होता. मावशीला वाटलं, धरावा, थोडा तरी राहू द्यावा. एक क्षण वाटलं. तिने हात आणखी घट्ट दाबला आणि त्यावर स्वतःचा दुसरा तळवा ठेवून चोळत राहिली.

किंकाळी ऐकून बाई धावत आल्या. त्यांच्या मागोमाग मुंगीची आई आली, ड्यूटी संपवून नेहमीच्या वेळेला. नर्सच ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने हात घेतला, बोटं एकेक दाबून बघितली, नखांखालचा रंग परत येतोय का ते बघितलं. मग पसरलेला बर्फ बघितला.

"किती वेळ होता हात आत?"

"खूप वेळ," मावशी म्हणाली.

"अहो, चार वर्षांची पोर आहे! चुकून झालं का?"

इथे 'हो' म्हणता आलं असतं. बाईंनी डोळ्यांनी तेच सुचवलं होतं. सगळ्यांचीच सोय होती त्यात.

"चुकून नाही," मावशी म्हणाली. "मीच घालायला लावला. रोज लावत होते. माझी मुलगी गेली तेव्हा तिचा हात असा होता. मला तो धरायचा होता."

मुंगीच्या आईच्या तोंडावर राग होता आणि रागाशिवाय आणखीही काहीतरी होतं, पण ते तिने मावशीला दिलं नाही आणि का द्यावं? पोरीला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. मुंगी आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. बाईंनी दार लावून घेतलं.

"उद्यापासून येऊ नका, मावशी," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही करता येत नाही."

"करूही नका," मावशी म्हणाली. तिने मोरी धुतली, टब पालथा घातला आणि निघाली. खोलीत पोरं खेळासाठी ओढणी घेऊन उभी होती. ती त्यांच्यामधून वाट काढत दाराकडे गेली.

घरी नवरा खिडकीपाशी लसूण सोलत बसला होता. निवृत्त झाल्यापासून अशी बारीकसारीक कामं तो स्वतःहून ओढून घ्यायचा. उन्हं अजून भिंतीवर होती. तिला इतक्या लवकर आलेली बघून त्याने मान वर केली, पण विचारलं नाही. त्या घरात विचारायची पद्धतच राहिली नव्हती.

ती चपलांसकट त्याच्यासमोर बसली.

"अहो," ती म्हणाली, "भिंगरीचा हात कसा होता?"

त्याच्या हातातली पाकळी खाली पडली. अकरा वर्षांत ते नाव या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं होतं.

"गरम," तो म्हणाला.

जरासुद्धा आठवावं लागलं नाही त्याला. "गरम आणि घामट. आणि कायम चिकट, काहीतरी चोखलेलं असायचं. तू डबा द्यायला डेपोत यायचीस ना तिला घेऊन? तू त्या तिकीटखिडकीवालीशी बोलत उभी राहायचीस, तेवढ्यात मी हिला गाडीत चढवायचो. बंदी होती खरं तर. मांडीवर बसवायचो, तिचे हात स्टिअरिंगवर, वर माझे. स्टिअरिंग उन्हाने भाजायचं, पण तिचे हात त्याच्याहून गरम. घामाने निसटायचे. मग ती माझा अंगठा धरायची. खोटा खोटा गिअर टाकायचो तरी अंगठा सोडायची नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू ओरडली असतीस."

ती ओरडली असती, हे खरं होतं.

"आणि गार?" तिने विचारलं.

"गार मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा सगळं झालं होतं. तूच तर विचारलं होतंस, कुठे होतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या वेळी तिथे नसल्याची शिक्षा तिने त्याला इतकी वर्षं दिली होती, पण त्या नसण्यानेच त्याच्याजवळची भिंगरी जिवंत राहिली होती. आणि जो हात फक्त आपला म्हणून तिने सांभाळला, त्याने तिच्याजवळची सगळी भिंगरी खाऊन टाकली होती. असलं गणित कोणाला सांगायचं? तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा हेवा वाटला.

तिने उजवा हात पुढे केला. "धरून दाखवा. ती धरायची तसा."

त्याने लसणाची बोटं सदऱ्याला पुसली. तिचा हात उचलून घेतला आणि आपली जाड, राकट बोटं आवळून तिचा अंगठा धरला.

"असा," तो म्हणाला.

"एवढा घट्ट?"

"याहून घट्ट."

"मग धरा की नीट."

त्याने धरला. तिने डोळे मिटले. त्याचा हात गरम होता, त्याला घाम सुटला होता, लसणाचा वास येत होता. ती वाट बघत बसली.

"काय?" त्याने विचारलं.

"गारच येतोय."

"गरमही येईल," तो म्हणाला. त्याने अंगठा सोडला नाही. "बसू की मग. मला आता कुठे गाडी घेऊन जायचंय?"